गोदावरीत काय धुतले गेले?

१८९१ सालच्या पावसाळ्यात एकवीस वर्षांचा एक तरुण बॅरिस्टर नाशकात आला आणि त्याने गोदावरीत स्नान केले. लंडनहून तो नुकताच मुंबई बंदरात उतरला होता. तीन वर्षांपूर्वी तो विलायतेला निघाला तेव्हा मुंबईतल्या त्याच्या जातीच्या पुढाऱ्यांनी त्याला वाळीत टाकले होते, कारण समुद्र ओलांडला की धर्म बुडतो. आता परत आल्यावर जातीतल्या एका तटाची तरी समजूत पडावी म्हणून थोरल्या भावाने त्याला राजकोटला नेण्याआधी मुद्दाम नाशकाला आणले, पवित्र नदीत बुडी मारायला लावली आणि घरी पोहोचल्यावर जातभाईंना जेवण घातले. तरुणाचे नाव मोहनदास करमचंद गांधी. आत्मकथेत त्यांनी हा प्रसंग दोन-चार ओळींत उरकला आहे. आपल्याला हे सारे रुचले नाही, पण भावाच्या प्रेमाखातर केले, एवढेच ते सांगतात.

रामकुंडाकडे जाताना गांधी तलावापाशी माझी पावले बऱ्याचदा रेंगाळतात. तिथे उभे राहिले की एक प्रश्न मनात येतो. त्या बुडीत नेमके काय धुतले जाणार होते? जहाजावरचे अन्न, परक्यांच्या पंगती, गोऱ्यांच्या देशातले पाणी हे उत्तर धर्मशास्त्र देईल. पण त्यामागे एक भीती होती आणि ती निर्बुद्धपणाची नव्हती. परक्या देशात राहून शिकलेला माणूस गेला तसा परत येत नाही, हे आपल्या जुन्या शास्त्री मंडळींनी पक्के ओळखले होते. आज कॉलेज रोडवरच्या आणि गंगापूर रोडवरच्या परदेशी शिक्षणाच्या सल्लागार कचेऱ्यांतली चकचकीत माहितीपत्रकेही हेच सांगतात, ‘तुमचे मूल बदलून परत येईल.’ शास्त्री त्याला दोष म्हणत, सल्लागार त्याची फी घेतात. हा बदल होतो का, कसा होतो आणि कुणात होत नाही, हे मात्र दोघेही सांगत नाहीत.

याचा एक धागा गांधीजींच्याच आत्मकथेत सापडतो. लंडनमधल्या दुसऱ्या वर्षाच्या शेवटी त्यांची दोन थिऑसॉफिस्ट इंग्रजांशी ओळख झाली. ते एडविन अर्नोल्डने इंग्रजीत आणलेली गीता वाचत होते. त्यांनी या हिंदू मुलाला बोलावले, की आमच्याबरोबर मूळ संस्कृत वाच. तेव्हा त्याला कबूल करावे लागले, की मी गीता वाचलेलीच नाही, ना संस्कृतात ना गुजरातीत. त्याला शरम वाटली, मग तो त्यांच्याबरोबर वाचायला बसला. मांसाहाराचेही तसेच. मांस खाणार नाही अशी शपथ आईला दिलेली होती म्हणून तो शाकाहारी होता. लंडनच्या एका शाकाहारी खाणावळीत त्याला हेन्री सॉल्टचे पुस्तक मिळाले आणि त्यानंतर तो स्वतःच्या विचाराने शाकाहारी झाला. म्हणजे इंग्लंडने त्याला इंग्रज केले नाही. आईची शपथ आणि घरचा धर्म या दोन्हींचे कारण मात्र त्याला तिथे शोधावे लागले. गोदावरीत धुण्याजोगे जर काही त्याच्या अंगी लागले असेल तर ते हे होते, आणि ते पाण्याने निघण्यातले नव्हते.

माझे म्हणणे याच प्रसंगातून निघते. परदेशी गेलेल्या विद्यार्थ्याला परका समाज कळतो असे आपण धरून चालतो. पण नुसते तिथे राहून तो कळतोच असे नाही. कळायला सुरुवात होते ती तिथल्या कुणीतरी बरोबरीच्या नात्याने प्रश्न विचारला, आपला समाज समजावून सांगण्याची पाळी आली आणि सांगताना आपल्याच उत्तरातली भोके दिसली, म्हणजे. हे घडले नाही तर माणूस चार वर्षे परदेशात काढून जसाच्या तसा परत येऊ शकतो.

मी कुठल्या विद्यापीठात शिकवत नाही आणि परदेशीही गेलेले नाही, तेव्हा हे विधान आधी दुसऱ्यांच्या अभ्यासांशी ताडून पाहिले. गॉर्डन ऑलपोर्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये पूर्वग्रहांवर ग्रंथ लिहिला. दोन गट नुसते एकत्र आले म्हणजे मने निवळत नाहीत, असे त्याने त्यात मांडले. दर्जा बरोबरीचा हवा, उद्दिष्ट सामाईक हवे, एकमेकांवाचून काम अडले पाहिजे आणि वरच्या व्यवस्थेचा त्याला पाठिंबा हवा. पुढच्याच वर्षी नॉर्वेच्या स्व्हेरे लिसगार्ड यांनी अमेरिकेत जाऊन आलेल्या दोनशे फुलब्राइट विद्यार्थी-संशोधकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सहा महिन्यांहून कमी किंवा दीड वर्षाहून जास्त राहिलेले लोक तिथे बरे रुळले होते, मधल्या काळात परतलेले सर्वांत अस्वस्थ होते. नव्याची नवलाई, मग उदासी, मग हळूहळू सावरणे, अशी ती वक्ररेषा. अलीकडचा, २००९ मधला जॉर्जटाउन विद्यापीठाच्या पुढाकाराने झालेला अभ्यास एकसष्ट अभ्यासक्रमांतल्या सुमारे तेराशे विद्यार्थ्यांचा आहे. परदेशातल्या वास्तव्यात जाणत्या मार्गदर्शकाबरोबर बसून आपल्या अनुभवांवर बोलण्याची ज्यांना सोय होती, त्यांची समज सर्वांत जास्त वाढलेली आढळली. नुसते पाण्यात टाकून दिलेले बरेचसे विद्यार्थी पोहायला शिकले नाहीत. हे अभ्यास महत्त्वाचे आहेत, पण त्यांत माणसांची नावे नाहीत. आपल्याकडे नावे आहेत आणि त्यांनी लिहून ठेवलेले कागदही आहेत.

आनंदीबाई जोशी एप्रिल १८८३ मध्ये कलकत्त्याहून निघाल्या तेव्हा अठरा वर्षांच्या होत्या. निघण्यापूर्वी श्रीरामपूरच्या सभेत त्यांनी सांगितले होते, की मी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन. हा निर्धार आपल्याला ठाऊक असतो, कारण चरित्रांनी आणि कादंबरीने तो गाजवला. त्यांच्या प्रबंधाची मात्र फारशी चर्चा होत नाही. फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात १८८६ साली पदवीसाठी त्यांनी जो विषय घेतला तो होता ‘आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र’. अमेरिकेतल्या वैद्यकीय कॉलेजात बसून, अमेरिकन पाठ्यपुस्तके हाताशी असताना, त्यांनी आयुर्वेदाच्या ग्रंथांतले बाळंतपण परीक्षकांपुढे मांडले. यात अभिमान होता, थोडा बचावही असेल. परक्यांपुढे आपले मांडताना बाजू घेण्याचा मोह होतोच आणि अठरा-वीस वर्षांच्या एकट्या मुलीला तो होऊ नये असे म्हणणे निर्दयपणाचे आहे. पण ज्या विषयावर घरी उघड बोललेही जात नसे, तो शास्त्राच्या भाषेत लिहिणे त्यांना तिथेच शक्य झाले. या प्रश्नाची आच त्यांना पुरेपूर ठाऊक होती. चौदाव्या वर्षी झालेले त्यांचे मूल दहाच दिवस जगले होते. परत आल्यावर त्या स्वतःही फार दिवस जगल्या नाहीत. फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात त्यांचा अंत झाला आणि अस्थी अमेरिकेत त्यांच्या मानलेल्या मावशीकडे, कार्पेंटरबाईंकडे गेल्या. न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सी गावच्या दफनभूमीत त्या कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत आहेत.

आनंदीबाईंच्या पदवीदानाला इंग्लंडहून आलेल्या एक बाई प्रेक्षकांत बसल्या होत्या, पंडिता रमाबाई. त्या अमेरिकेत जवळजवळ तीन वर्षे राहिल्या. या वास्तव्यातून दोन पुस्तके निघाली आणि माझ्या मते ती शेजारी शेजारी ठेवूनच वाचावीत. पहिले १८८७ चे इंग्रजी पुस्तक उच्चवर्णीय हिंदू स्त्रीवरचे. ते अमेरिकनांना आपला समाज सांगते, विधवांची स्थिती काही न झाकता मांडते. दुसरे परत आल्यावर १८८९ मध्ये मराठीत लिहिलेले ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’. ते मराठी वाचकाला अमेरिका सांगते. त्यात स्त्रियांच्या शिक्षणाचे आणि संस्थांचे कौतुक आहेच, पण तिथल्या मूळ रहिवाशांची आणि काळ्या लोकांची जी गत गोऱ्यांनी केली तीही आहे. ज्या बाईने परक्यांपुढे स्वतःच्या समाजाचे दोष सांगितले, तिलाच परक्यांचे दोष आपल्या लोकांना सांगण्याचा अधिकार मिळतो, असे काहीसे या जोडीत दिसते. त्याआधी इंग्लंडात तर त्यांनी ज्या भगिनीसंघाच्या आश्रयाला राहून बाप्तिस्मा घेतला, त्याच मंडळींशी धर्ममतांवरून वाद घातला होता. गुरुस्थानी बसलेल्यांना हे आवडले नाही. बरोबरीचा दर्जा कुणी आपण होऊन देत नसतो. रमाबाई तो घेत.

आता ज्या दोन माणसांमुळे हा लेख लिहावासा वाटला, त्यांच्याकडे येते. दोघेही मराठी. दोघेही न्यूयॉर्क राज्यात शिकले, पण एकाच वेळी नव्हे. पहिले श्रीधर व्यंकटेश केतकर. १९०६ मध्ये ते अमेरिकेला गेले, इथाका गावी कॉर्नेल विद्यापीठात शिकले आणि १९०९ मध्ये त्यांनी भारतातील जातिसंस्थेच्या इतिहासावरचे इंग्रजी पुस्तक छापले. मनुस्मृतीचा पुरावा धरून तिसऱ्या शतकातला समाज कसा होता ते त्यात तपासले आहे. आपण केतकरांना ज्ञानकोशकार म्हणून ओळखतो, तेवीस खंडांचा तो डोंगर पाहून दबून जातो आणि हे पातळसे पुस्तक विसरतो. त्यात त्यांनी जातीची व्याख्या केली. जात म्हणजे दोन लक्षणे असलेला समूह. एक, सभासदत्व फक्त सभासदांच्या पोटी जन्मलेल्यांनाच मिळते. दोन, समूहाबाहेर लग्न करायला समाजाचा अटळ नियम मनाई करतो. आपल्या गावात जन्मलेल्याला अशी व्याख्या करावी लागत नाही. कोण कुठल्या जातीचे हे इथे आडनाव, आळी आणि पाण्याचे भांडे सांगते. व्याख्या लागते ती ज्याला आडनावांतून काही कळत नाही अशा माणसापुढे.

सात वर्षांनी, ९ मे १९१६ रोजी, न्यूयॉर्क शहरात कोलंबिया विद्यापीठात मानववंशशास्त्राचे अध्यापक अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. सुरुवात मोठी मजेदार आहे. प्रदर्शनांत आपण वस्तू मांडलेल्या पाहतो, पण मानवी संस्थांचेही प्रदर्शन मांडता येते ही कल्पना फार थोड्यांना सुचते, अशा अर्थाने ते बोलायला लागतात. म्हणजे समोरच्या परदेशी मंडळींना हाताला धरून ते एका दालनात नेतात आणि तिथे काचेच्या कपाटात ठेवलेली असते जात. ज्या माणसाला शाळेत गोणपाटावर वेगळे बसवले होते, ज्याला शिपायाने वरून पाणी ओतल्याशिवाय तहान भागवता येत नव्हती, तो माणूस जातीला वस्तूसारखे दूर ठेवून तिच्याभोवती फिरतो आहे. त्या निबंधात स्वतःच्या दुःखाचा एक शब्द नाही.

पुढे ते आधीच्या अभ्यासकांच्या व्याख्या घेतात. सेनार्ट, नेसफिल्ड, रिस्ले आणि केतकर. पहिले तिघे युरोपीय. केतकरांबद्दल ते आदराने बोलतात, इथलाच असूनही मोकळ्या मनाने आणि चिकित्सक बुद्धीने पाहणारा अभ्यासक म्हणून. आणि मग हळूच चूक काढतात. केतकर जी दोन लक्षणे सांगतात ती दोन नाहीतच, एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. बाहेर लग्न बंद केले की सभासदत्व आपोआप जन्माने ठरते, दुसऱ्या नियमाची गरजच उरत नाही. म्हणून जातीचे मर्म एकच, जातीअंतर्गत विवाह. एवढा खिळा सापडल्यावर ते पुढचे सारे त्यावर टांगतात. बंद समूहात नवरा मेला तर बाई जास्तीची होते आणि बायको मेली तर पुरुष जास्तीचा होतो. हा हिशेब जुळवण्यासाठी सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह. मग वरच्या वर्गाने दार लावून घेतले, खालच्यांनी त्याची नक्कल केली. शेवटी ते म्हणतात, की माझे म्हणणे टिकत नाही असे दिसले तर ते सोडून द्यायलाही मी तितकाच तयार आहे.

एका चित्पावन तरुणाची व्याख्या एक महार तरुण दुरुस्त करतो, इंग्रजीत, अमेरिकन अध्यापकापुढे. १९१६ साली महाराष्ट्रात हे कुठल्या सभागृहात घडले असते? मला एकही नाव सुचत नाही. परदेशी शिक्षणाने आपल्याला गोऱ्यांशी बोलायला शिकवले असे म्हणतात. इथे तर त्याने दोन मराठी माणसांना एकमेकांशी बोलायला जागा दिली, तीही पुस्तकाच्या पानावर, सात वर्षांच्या अंतराने. कोलंबियाचे शिक्षक सेलिग्मन आणि ड्युई यांचा आंबेडकरांवरचा प्रभाव सगळे सांगतात आणि तो खराच आहे. या शेजारधर्माबद्दल फार कमी लिहिले जाते.

केतकरांच्या आयुष्यात पुढे एक उपकथा आहे, ती ओलांडवत नाही. लंडनमध्ये त्यांची ओळख एडिथ कोह्न या ज्यू तरुणीशी झाली. १९२० मध्ये लग्न झाले, पण त्याआधी व्रात्यस्तोम विधी करून तिला हिंदू करून घेतले आणि नाव ठेवले शीलवती. जातीच्या व्याख्येवर ग्रंथ लिहिणाऱ्यालाही घरात माणूस आणताना विधीचे दार लागलेच. शीलवतीबाईंनी पुढे मराठीत आत्मकथन लिहिले. परदेशातून येऊन महाराष्ट्र शिकलेल्या बाईचे ते पुस्तक आहे आणि आपल्या विषयाची उलटी बाजू ज्यांना पाहायची असेल त्यांनी ते जरूर मिळवावे.

नाशिककर वाचक म्हणतील, भगूरचे काय? १९०६ साली विनायक दामोदर सावरकर शिष्यवृत्तीवर लंडनला गेले आणि हायगेटच्या इंडिया हाउसमध्ये राहिले. ते घर श्यामजी कृष्णवर्मांनी भारतीय विद्यार्थ्यांसाठी काढलेले वसतिगृह. तिथले बहुतेकजण इंग्रजांच्या सहवासासाठी तळमळत नव्हते, उलट. पण त्या एका छपराखाली तमिळ, बंगाली, पंजाबी, मराठी, गुजराती मुले एका ताटावर आली, आणि मद्रासचा माणूस भगूरच्या माणसाला जितका लंडनमध्ये कळला तितका इथे कळला नसता. इटली मात्र त्यांना पुस्तकांतून भेटली. मॅझिनीचे त्यांनी मराठीत भाषांतर केले ते १९०७ मध्ये छापले गेले. आपल्याच लोकांत राहून परदेशी शिकण्याचा हा नमुना आहे. आज त्याची चेष्टा होते, पण तो सगळाच टाकाऊ नाही. परका म्हणजे फक्त गोरा असे कुठे आहे?

आणखी एक नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही, इरावती कर्वे. १९२० च्या दशकाच्या शेवटी त्या बर्लिनला ऑयगेन फिशर या मानववंशशास्त्रज्ञाच्या हाताखाली डॉक्टरेटसाठी गेल्या. पुढे नाझींच्या वंशविचाराला ज्याची विद्या उपयोगी पडली तोच हा फिशर. माणसाच्या कवटीच्या दोन बाजू सारख्या नसतात, या असमानतेचा वंशाशी संबंध जोडता येईल आणि त्यातून युरोपीयांचे श्रेष्ठत्व दिसेल, असा संस्थेचा कयास. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि असा संबंध दिसत नाही हे लिहिले. गुरूच्या देशात, गुरूच्या संस्थेत, गुरूच्याच मोजमापाने गुरूला नाही म्हणणे. समजूत वाढणे म्हणजे यजमानाशी गोड होणे नव्हे, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही. पण मोजपट्टी त्यांनी टाकली नाही. पुढे महाराष्ट्रातल्या जातींची शरीरमापे घेत त्या वर्षानुवर्षे हिंडल्या. शिकलेले हत्यार हातातून सुटायला वेळ लागतो.

आता आजच्या नाशकात येऊ. गेल्या दोन-तीन वर्षांत मी परदेशी शिकून आलेल्या किंवा सुट्टीत आलेल्या मुलामुलींशी जमेल तसे बोलले. याला संशोधन म्हणण्याचे धाडस करणार नाही, मूठभर गप्पाच त्या. निफाडकडची द्राक्षबाग गहाण ठेवून गेलेला एकजण होता, बँकेच्या शैक्षणिक कर्जावर गेलेल्या बऱ्याचजणी होत्या. जर्मनीला जायचे तर आधी वर्षाच्या खर्चाची रक्कम तिथल्या खात्यात अडकवून ठेवावी लागते, २०२४ पासून ती ११,९०४ युरो आहे. एवढा पैसा घालून गेलेले मूल पहिल्या दिवसापासून नोकरीचा हिशेब करते, त्यात गैर काय? अशा मुलाला ‘तिथले लोक कसे आहेत’ असे विचारणेच मला कधीकधी श्रीमंती चोचले वाटते. चौघांत एक फ्लॅट, चौघे आपल्याकडचे, स्वयंपाकाच्या पाळ्या, रात्री आईला व्हिडिओ कॉल. गांधीजींना घरचे पत्र मिळायला आठवडे लागत. आजच्या मुलाच्या खिशात घर असते. त्याला एकटे वाटत नाही हे चांगलेच, पण एकटे न वाटल्यामुळे तो शेजारचे दार वाजवत नाही.

तरी प्रश्न गाठतोच. आयर्लंडला शिकलेली सिन्नरकडची मुलगी सांगत होती, की विद्यापीठात तिला आयरिश मैत्रीण अशी मिळालीच नाही. मिळाली ती वृद्धाश्रमातल्या अर्धवेळ नोकरीत, एक ऐंशीच्या पुढची आजी. दिवाळीच्या दिवशी हिने कामावर पणती नेली. आजीने विचारले, हे कशासाठी? हिने पाठ केलेले उत्तर दिले, दिव्यांचा सण. आजी म्हणाली, ते दिसतेच आहे, पण का? मुलीने रात्री घरी फोन करून आपल्या आजीला विचारले. तिने वसुबारसेपासून भाऊबिजेपर्यंत सगळे सांगितले, गाय-वासरू, यमदीप, बळीराजा, शेणाचे पांडव. ‘माझ्या आजीशी इतका वेळ मी आधी कधी बोलले नव्हते,’ ती म्हणाली. दोन आज्यांमध्ये ती आठवडाभर निरोप्याचे काम करत होती. लंडनच्या त्या गीतेसारखेच हे. फरक इतकाच, की ही मुलगी तिथे कामगार होती आणि म्हातारी तिच्यावर अवलंबून होती. ऑलपोर्टने सांगितलेली ‘एकमेकांवाचून अडले पाहिजे’ ही अट वर्गात नाही, वृद्धाश्रमात पुरी झाली.

दुसरा प्रसंग जर्मनीतला. सांगणारा मुलगा नाशिकचाच, अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर वर्गातला. प्रकल्पाचा गट पाच जणांचा, त्यांत दोघे मराठी. घाना देशातल्या एका सहाध्यायीने जेवताना सहज विचारले, तुमच्याकडे जात असते म्हणतात ते काय? याने पटकन सांगितले, ती जुनी गोष्ट, आता तसले काही राहिलेले नाही. मग सगळे दुसऱ्या मराठी मुलाकडे वळले. तो ताटाकडे बघत म्हणाला, ‘त्याच्याकडे नसेल राहिलेले.’ आणि उठून पाणी आणायला गेला. दोन वर्षे एका खोलीत राहिलेल्या, एका कुकरमधला भात खाल्लेल्या मित्राची जात आपल्याला माहीत नव्हती, याचा मला तोवर अभिमान होता, असे हा मुलगा मला म्हणाला. ‘त्या दिवशी कळले की त्याला माझी पहिल्या दिवसापासून माहीत होती.’

हे ऐकताना मला कोलंबियाचे ते चर्चासत्र आठवत होते. एकच प्रश्न, एकाच भाषेतली दोन माणसे, विचारणारा तिसराच. केतकर-आंबेडकरांच्या बाबतीत तो प्रश्न ग्रंथ झाला, इथे एक अर्धे वाक्य. पण जागा तीच.

परत येण्याबद्दल मात्र या मुलांना सांगण्यासारखे आपल्याजवळ काय आहे? १९१७ मध्ये आंबेडकर बडोद्याच्या नोकरीवर रुजू व्हायला गेले. युरोप-अमेरिकेतल्या वास्तव्यात आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती, असे त्यांनी पुढे लिहिले आहे. बडोद्याच्या स्टेशनावर उतरल्याबरोबर ती परतली, कारण राहायचे कुठे? पारशाच्या धर्मशाळेत ते नाव बदलून राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेले पारशी आले आणि त्यांना बाहेर पडावे लागले. लिसगार्डची वक्ररेषा परदेशातल्या दिवसांची आहे. घरी उतरल्यावर जी रेघ खाली जाते तिची उंची कुणी मोजायची?

आणि शेवटी पुन्हा हीच नदी. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला तेव्हा आंबेडकरांजवळ कोलंबियाची आणि लंडनची अशा दोन डॉक्टरेट आणि ग्रेज इनची बॅरिस्टरी होती. दादासाहेब गायकवाड आणि हजारो माणसे बरोबर होती. दरवाजे बंद करण्यात आले. १८९१ मध्ये याच काठावर एका बॅरिस्टरला जातीत परत घेण्यासाठी आंघोळ घातली गेली. एकोणचाळीस वर्षांनी दुसऱ्या बॅरिस्टरला कुठल्याच पाण्याने आत घेता येत नव्हते. समुद्र दोघांनीही ओलांडला होता.

जर्मनीतला तो मुलगा या दिवाळीला घरी येणार आहे. त्याचा मित्रही येणार आहे. मित्राचे घर नाशिक रोडला, याच्या घरापासून वीस मिनिटांवर, पण दोघे एकमेकांकडे कधी गेलेले नाहीत. त्या जेवणानंतर मित्राशी बोललास का, असे मी फोनवर विचारले. ‘बोललो, पण इंग्रजीत,’ तो म्हणाला. ‘तिथे सगळे असतात, सोपे जाते. त्याला काय म्हणायचे होते ते नीट विचारायचे आहे, आणि ते इथे येऊन, त्याच्या घरी बसून. मराठीत कसे सुरू करायचे तेवढे सुचत नाही.’